पुटकुळ्या मुलांच्या, उपाय साऱ्या गावाचे

आपल्या जबलपूरच्या मराठी घरांत हा प्रश्न दोन भाषांतून येतो. शेजारच्या आंटी फाटकातूनच विचारतात, "चेहरे पे ये क्या हो गया बेटा?" आणि नागपूरहून सुट्टीला आलेली आत्या विचारते, "अगं, काय दशा करून घेतलीस चेहऱ्याची!" प्रश्नापाठोपाठ उपाय येतोच. एकीचा मुलतानी मातीचा, दुसरीचा जायफळ उगाळून लावायचा, तिसरीचा लिंबाचा. चौथी मात्र हळूच एका ट्यूबचं नाव सांगते: "औषधाच्या दुकानात मिळते, माझ्या भाचीला आठ दिवसांत फरक पडला." गोलबाजारात दत्तमंदिरात दर्शनाला गेलेली पोर घरी परतते तेव्हा प्रसादासोबत असे तीन-चार सल्ले घेऊन आलेली असते.

मी याच शहरात त्वचेच्या तक्रारी पाहते. माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक आया म्हणतात, "डॉक्टर, सगळं करून पाहिलं, काही उपयोग झाला नाही." विचारपूस केली की कळतं, सगळं करून पाहिलं हे खरं, पण प्रत्येक गोष्ट आठ-दहा दिवस. आजच्या हितगुजात मला मुख्यतः हेच बोलायचं आहे. मुरुमांवर चांगली औषधं आहेत, ती लागू पडतात, पण त्यांना आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. ते तीन महिने घरात शांतता राखणं आणि गावाचे उपाय दाराबाहेर ठेवणं हे आईवडिलांचं काम आहे. मुलांना ते एकट्याने जमत नाही.

आधी आत काय चालतं ते पाहू. चेहरा, छाती आणि पाठ इथल्या कातडीत केसांच्या मुळाशी तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. वयात येताना अँड्रोजेन नावाची संप्रेरकं वाढतात. ती मुलींमध्येही असतात, फक्त कमी. त्यांच्या हुकमाने या ग्रंथी जास्त तेल करू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी नीट झडत नाहीत, एकमेकींना चिकटतात आणि बूच बसतं. आत साचलेल्या तेलावर त्वचेवर नेहमीच राहणारा क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू पोसला जातो, शरीर त्याच्यावर चालून जातं, आणि लाल, दुखरी पुटकुळी उभी राहते. बूच उघडं असेल तर टोक काळं दिसतं. तो काळेपणा मळाचा नसतो. त्वचेतलंच रंगद्रव्य हवेशी संयोग पावून काळं पडतं. म्हणून कितीही घासलं तरी ते जात नाही, आणि "नीट तोंड धूत नाहीस म्हणून" हा आपल्या घराघरातला आरोप सरळसरळ खोटा आहे. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशने तोंड धुणं पुरे. पाच-सहा वेळा साबण लावणाऱ्या मुलांची त्वचा कोरडी पडून चिडते आणि मग औषधही सोसत नाही.

बारा ते चोवीस या वयात सुमारे ८५ टक्के मुलामुलींना कमीअधिक मुरुम येतात, असा जगभर दिला जाणारा अंदाज आहे. कोणाला दोन-चार, कोणाला गालभर. आईला किंवा बाबांना जास्त आले असतील तर मुलांना जास्त येण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे "हिला कुठून आले हे" असा सूर काढण्याआधी आपला दहावीचा फोटो एकदा काढून बघावा.

जबलपूरचं हवामानही आपला वाटा उचलतं. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे, आणि पाऊस सुरू झाला की ओली चिकचिक. घाम आणि घर्षण मिळून मुरुम चाळवतात. आपल्या मुली उन्हातून स्कूटीवर कोचिंगला जाताना चेहरा ओढणीने घट्ट गुंडाळतात. उन्हापासून बचाव म्हणून ते योग्यच आहे, पण तीच ओढणी आठवडाभर न धुता वापरली तर हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला पुटकुळ्यांची रांग दिसते. हेल्मेटच्या पट्ट्याखाली मुलांचं तेच होतं. ओढणी रोज बदला, सुती आणि सैल ठेवा, पट्टा पुसून घ्या. यासाठी डॉक्टरची गरज नाही.

डोक्याला तेल हा आपला नाजूक विषय, म्हणून जपून बोलते. शनिवारी रात्री तेल चोळून सकाळी न्हाणं ही आजीची माया आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण रात्रभर ते तेल कपाळावर उतरतं, उशीला लागतं, उशीवरून गालाला. कपाळावर केसांच्या कडेने एकसारखे बारीक दाणे असतील तर मी पहिला प्रश्न तेलाचाच विचारते. न्हाण्याआधी तासभर लावा, कपाळापासून बोटभर मागे ठेवा, आणि उशीचा अभ्रा बदला. आजी दुखावणार नाही आणि कपाळही मोकळं होईल.

खाण्याचं काय? तळकट खाल्लं म्हणून मुरुम आले असं म्हणायला फारसा आधार नाही. साखरेचं मात्र तसं नाही. ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ तरुणांवर बारा आठवड्यांचा एक प्रयोग झाला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तातली साखर झपाट्याने न चढवणारा आहार घेणाऱ्यांचे मुरुम जास्त कमी झाले. प्रयोग लहान आहे, त्यावरून घरादाराची जलेबी बंद करू नका. आपल्या गावात राहून खोव्याची जलेबी सोडा असं सांगणारा डॉक्टर टिकणारही नाही! रोजचं कोल्ड्रिंक, बिस्किटांचे पुडे, पाकीटबंद गोड ज्यूस एवढं कमी झालं तरी खूप. दुधाचा संबंध काहींमध्ये दिसतो, सगळ्यांमध्ये नाही. जिमला जाणाऱ्या मुलांना मात्र मी व्हे प्रोटीनच्या डब्याबद्दल न चुकता विचारते. खांद्यावर आणि पाठीवर अचानक उठलेल्या मुरुमांमागे कित्येकदा तो डबा असतो, आणि कधी कधी डब्याहून वाईट, म्हणजे शरीर कमावायची इंजेक्शनं. ती गोष्ट मुलगा आईसमोर सांगत नाही. म्हणून मी आईला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगते. त्याचा राग मानू नका.

आता त्या चौथीच्या ट्यूबकडे येते. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण चेहऱ्याचं जास्तीत जास्त नुकसान मी पुटकुळ्यांनी नाही, या ट्यूबने झालेलं पाहते. दुकानात मुरुम, डाग, खाज, गोरेपणा, कशासाठीही काही मागितलं की काउंटरवर जी क्रीम येते तिच्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाली उतरते, चेहरा उजळ दिसतो, आणि घरात त्या ट्यूबची ख्याती होते. महिन्या-दोन महिन्यांत कातडी पातळ पडते, गालावर लाल शिरांची जाळी दिसू लागते, बारीक लव वाढते, आणि ज्यासाठी क्रीम आणली तेच मुरुम दुप्पट होऊन येतात. बंद केली की आग होते, चेहरा लालभडक होतो, म्हणून पुन्हा लावली जाते. असं करत मुलगी त्या ट्यूबच्या ताब्यात जाते.

हे माझ्या एकटीचं रडगाणं नाही. देशातल्या बारा त्वचारोग केंद्रांनी मिळून केलेली पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळपास १५ टक्के, चेहऱ्यावर स्टिरॉइड क्रीम लावत होते. निम्म्याहून अधिक जणांना ती डॉक्टरने सुचवलेलीच नव्हती. दुकानदार, मैत्रीण, नातेवाईक, ब्यूटी पार्लर यांची ती देणगी. तिच्यामुळे सर्वांत जास्त दिसलेला त्रास कोणता, तर मुरुम. पुढे २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. कायदा झाला, पण काउंटर तेच आहे आणि मागणारेही आपणच.

म्हणून घरातल्या ट्यूब एकदा उजेडात घेऊन बसा. वरचं मोठं, रंगीत नाव वाचू नका. बारीक अक्षरांतली औषधाची नावं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ती मुरुमांसाठी नाही. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन असं तिहेरी मिश्रण असेल तर ते वांगाच्या डागांसाठी, थोड्या काळापुरतं, डॉक्टरच्या नजरेखाली वापरायचं औषध आहे. आपल्याकडे ते गोरेपणाची क्रीम म्हणून सर्रास फासलं जातं. बुरशीचं औषध आणि स्टिरॉइड एकत्र असलेल्या ट्यूबही असतात, त्याही चेहऱ्यापासून दूर. महिनोन् महिने लावत असाल तर घाबरून एका रात्रीत फेकू नका. ट्यूब पिशवीत घाला आणि डॉक्टरकडे घेऊन या, कशी सोडायची ते ठरवू. आणि मुलीला ओरडू नका. तिने ती लपून आणली असेल तर तुमच्या-माझ्या बोलण्यानेच तिला लपायला लावलं आहे.

खरे उपचार यापुढे अगदी साधे वाटतील. काळे-पांढरे दाणे आणि थोड्या पुटकुळ्या असतील तर दोन औषधांवर बरंच काम होतं. पहिलं ॲडापलीन, व्हिटॅमिन एच्या कुळातलं, बूच सैल करणारं. दुसरं बेन्झॉइल पेरॉक्साइड, जंतू मारणारं. ॲडापलीन रात्री लावायचं, धुऊन पूर्ण वाळलेल्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं, आणि फक्त पुटकुळीवर नाही तर पूर्ण चेहऱ्यावर पातळ. पुटकुळी दिसण्याच्या कितीतरी आधी बूच बसलेलं असतं, म्हणून ठिपके देऊन भागत नाही. पहिले दोन-तीन आठवडे त्वचा सोलते, थोडी चुरचुरते, कधी मुरुम वाढल्यासारखेही वाटतात. नेमक्या याच वेळी घरातून आवाज येतो, "हे औषध हिला सूट होत नाही." बहुतेक वेळा होत असतं. सुरुवातीला एक दिवसाआड लावा, वरून साधं मॉइश्चरायझर लावा, आणि चालू ठेवा. फारच आग झाली, डोळे सुजले, तर मात्र थांबून फोन करा. बेन्झॉइल पेरॉक्साइड अडीच टक्क्यांचं असलं तरी दहा टक्क्यांइतकंच काम करतं आणि जळजळ कमी करतं, त्यामुळे जास्त कडक मागू नका. एक घरगुती सूचना: ते कपड्यांचा रंग उडवतं. पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा द्या, नाहीतर नव्या चादरीवरून जे भांडण होतं त्यात औषध बंद पडतं!

क्लिंडामायसिनचं जेल अनेक घरांत आधीच असतं. ते एकटं लावत राहिलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतात. ते बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच आणि मर्यादित काळ. पुटकुळ्या जास्त आणि सुजलेल्या असतील तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या साधारण तीन महिन्यांपर्यंत देतात. ती गोळी ग्लासभर पाण्यासोबत, बसून घ्यायची, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. तिच्यामुळे ऊनही जास्त लागतं, म्हणून उन्हाळ्यात सनस्क्रीन हवंच. डागांसाठीही तेच. आपल्या गव्हाळ कातडीवर पुटकुळी गेली तरी काळपट खूण महिनोन् महिने राहते आणि उन्हाने गडद होते. जेलसारखं, तेलकट नसलेलं, एसपीएफ ३० चं पुरतं. त्या खुणांवर ॲझेलिक ॲसिडही चांगलं चालतं. लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट यांनी मात्र नवीन डाग पडतात.

दोन गोष्टी मुलींच्या आयांसाठी. पाळी दोन-दोन महिने पुढे जाते, हनुवटीवर जाड केस येतात, वजन वाढतं आहे, आणि मुरुम जबड्याच्या कडेला ठाण मांडून बसलेत, तर पीसीओएसची तपासणी करून घ्या. अशा मुलींना संप्रेरकांवर काम करणारी औषधं लागतात. नुसत्या मलमाने वर्षं जातात. दुसरी गोष्ट आयसोट्रेटिनॉइनची. खोल गाठी, व्रण पडत चाललेले मुरुम, इतर उपायांना न जुमानणारे मुरुम यांच्यासाठी हे सर्वांत प्रभावी औषध आहे. अमेरिकेत १९८२ साली मान्यता मिळाली, तेव्हापासून जगभर वापरात आहे. तेलाच्या ग्रंथीच आक्रसवतं. साधारण सहा महिने घ्यायचं. ओठ फुटतात, त्वचा कोरडी पडते, रक्तातली चरबी आणि यकृत यांची तपासणी करावी लागते. पण सगळ्यांत गंभीर बाब ही की गर्भावस्थेत घेतलं तर बाळात भयंकर दोष येतात. म्हणून मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या मुलीला गर्भधारणा नसल्याची खात्री करूनच देतात, आणि औषध चालू असताना व बंद केल्यावर महिनाभर गर्भ राहता कामा नये. हे मी सांगू लागले की काही बाबा खुर्चीतून उठतात: "आमची मुलगी तशी नाही." अहो, हा प्रश्न चारित्र्याचा नाही, औषधाचा आहे. लग्न ठरलेल्या मुलीला आधी चेहरा स्वच्छ करून द्या म्हणून घाईने आणतात, त्या घरांना तर हे आधी सांगावं लागतं. उरलेल्या गोळ्या मैत्रिणीला किंवा बहिणीला देणं हे तर अजिबात नको.

गोळ्यांबद्दल उलट टोकाची भीतीही आहे. "ती फार गरम असते, लिव्हर खराब करते, नंतर मूल होत नाही." औषध बंद करून महिना उलटला की पुढच्या मातृत्वावर त्याचा परिणाम राहत नाही. ज्या मुलाच्या गालावर महिन्यागणिक खड्डे पडत चाललेत त्याला केवळ ऐकीव भीतीने औषध न देणं हा सुरक्षित पर्याय नाही, कारण पडलेला खड्डा कोणत्याही क्रीमने भरत नाही. त्यासाठी पुढे मायक्रोनीडलिंग, सबसिजन, लेसर असे खर्चिक उपाय लागतात, त्यांनीही व्रण फिके होतात, पुसले जात नाहीत. आणि मुरुम चालू असताना लेसरचं पॅकेज विकणाऱ्यापासून सावध राहा. आधी मुरुम आटोक्यात, मग व्रणांचं काम.

मुलगे उशिरा येतात. मुलीला आई सहा महिन्यांत घेऊन येते, कारण मनात कुठेतरी स्थळांचा हिशेब असतो. मुलाला मात्र "वय आहे, जातील आपोआप" असं सांगत दोन वर्षं काढली जातात, आणि गाठींचे खोल मुरुम मुलांनाच अधिक होतात. दोन्हीकडे आपलं चुकतं आहे. उपचार लग्नासाठी नसतात. दुखतं, व्रण पडतात आणि मन खचतं म्हणून असतात.

मन खचतं हे हलक्यात घेऊ नका. मुरुम आणि उदासी यांचा संबंध अनेक अभ्यासांतून दिसला आहे, आणि मुरुम किती आहेत यावर ती उदासी ठरत नाही. चार पुटकुळ्यांचा मुलगा कोचिंगला जायचं टाळतो आणि गालभर मुरुमांची मुलगी स्नेहसंमेलनात नाचते. वर्गाच्या फोटोत मागे उभं राहणं, लग्नाला यायला नकार, खोलीतला दिवा बंद ठेवणं, जेवण आणि झोप बिघडणं, हे दिसलं तर चेहऱ्याविषयी न बोलता त्याच्याजवळ बसा. जगण्याला कंटाळल्याचा एखादा शब्द जरी कानावर आला तर चेहऱ्याचं नंतर बघू, आधी मनाच्या डॉक्टरकडे. आयसोट्रेटिनॉइन चालू असलेल्या मुलाच्या मनःस्थितीकडे तर घरच्यांनी खास लक्ष ठेवावं, आणि बदल दिसला तर आम्हाला लगेच कळवावं.

आत्याचं आणि आंटीचं काय करायचं, असं आया विचारतात. मी म्हणते, मुलीच्या वतीने तुम्ही उत्तर द्या. "इलाज चल रहा है, आंटी," एवढंच, हसून, आणि विषय बदला. आत्याला आतल्या खोलीत नेऊन सांगा की सध्या तिच्या चेहऱ्यावर कोणी बोलायचं नाही असं आम्ही ठरवलंय. आधी स्वतः ठरवा मात्र. रोज सकाळी डबा देताना "आज एक नवीन आलाय बघ" हे बंद करा. तिने आरसा तुमच्या आधी पाहिलेला असतो. काही सांगायचंच असेल तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी विचारा: औषध लावलं का, संपत आलंय का, आग होतेय का. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात, तिच्या परवानगीने एक फोटो काढून ठेवा. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही. बारा आठवड्यांनंतर दोन फोटो शेजारी ठेवले की कळतो. औषध चालतंय की बदलायचं, हे आम्हीही त्यावरूनच ठरवतो.

डॉक्टर निवडताना दारावरच्या 'स्किन अँड लेसर' या अक्षरांवर जाऊ नका, त्वचारोगाची एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा आहे का ते विचारा. खाजगी फी जड वाटत असेल तर नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेजच्या चर्मरोग विभागाची ओपीडी आहे. रांग लागते, सकाळी लवकर जा. येताना लावलेल्या सगळ्या ट्यूब, घेत असलेल्या सगळ्या गोळ्या आणि जिमचा डबा सोबत आणा. टीबीची, फिटची काही औषधं आणि बी-१२ ची इंजेक्शनंसुद्धा मुरुम उठवतात. मुलीची पाळीची तारीख लिहून आणा. आणि मी "काय त्रास होतोय?" असं विचारलं की उत्तर तिला देऊ द्या. तिच्या वाटचं तुम्ही बोलू लागलात की ती खाली बघते आणि जे सांगायला आली होती ते सांगत नाही.